बटण कोण दाबतं?

१७९६ साली ग्रीनिचच्या शाही वेधशाळेतल्या डेव्हिड किनब्रुक नावाच्या मदतनिसाची नोकरी गेली. ताऱ्यांच्या वेळा नोंदवताना तो आपल्या साहेबांपेक्षा ०.८ सेकंद मागे असायचा, एवढाच त्याचा गुन्हा.

साहेब म्हणजे नेव्हिल मॅस्केलाइन, इंग्लंडच्या राजाचे अधिकृत खगोलशास्त्रज्ञ. वेध घ्यायची तिथली पद्धत अशी होती: दुर्बिणीतून बघताना समोर बारीक उभे धागे दिसत. पृथ्वी फिरते तसा तारा एका बाजूने आत येई आणि एकेक धागा ओलांडत पलीकडे जाई. निरीक्षकाने डोळा दुर्बिणीला लावायचा आणि कान शेजारच्या लंबकाच्या घड्याळाकडे ठेवायचा. दर सेकंदाला एक ठोका. धागा ओलांडण्याआधीच्या ठोक्याला तारा कुठे होता आणि नंतरच्या ठोक्याला कुठे, हे लक्षात ठेवायचं, मधल्या अंतराचे मनातल्या मनात दहा भाग करायचे आणि सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत वेळ लिहायची.

ऑगस्ट १७९५ मध्ये मॅस्केलाइनच्या लक्षात आलं की किनब्रुकच्या नोंदी त्यांच्यापेक्षा अर्धा सेकंद उशिराच्या आहेत. जानेवारी १७९६ पर्यंत हा फरक कमी व्हायच्या ऐवजी ०.८ सेकंदावर गेला. विषुववृत्तावर जमीन सेकंदाला साधारण ४६५ मीटर वेगाने फिरते. म्हणजे ०.८ सेकंदाची चूक नकाशावर जवळजवळ पावणेचारशे मीटर भरते. जिथल्या नोंदींच्या आधारावर जहाजं समुद्रात आपली जागा शोधत, त्या वेधशाळेला हे चालण्यासारखं नव्हतं. माणूस बाकी कामात मेहनती आणि उपयोगी आहे, त्याला काढताना वाईट वाटतं, असं मॅस्केलाइननी नोंदवून ठेवलं. आणि काढलं.

घड्याळ चांगलं होतं, दुर्बीण चांगली होती. तरी दोन माणसांच्या हातून एकाच ताऱ्याच्या दोन वेळा निघत होत्या.

तीन टायमर आणि एक मावशी

किनब्रुकची गोष्ट मी अलीकडे पुन्हा वाचली ती मावशीच्या एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमुळे. मावशी तालुक्याच्या गावी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. लॅबसाठी थोडे पैसे मंजूर झाले होते आणि तिने तीन पर्याय पाठवले होते: सेकंदाचा शंभरावा भाग दाखवणारं हातातलं डिजिटल स्टॉपवॉच, हजारावा भाग दाखवणारा आणि प्रकाशाचा झोत तुटला की चालू-बंद होणारा टायमर, आणि तिसरा पर्याय फुकटचा, म्हणजे मुलांच्या खिशातले फोन. खाली प्रश्न होता, "तू इंजिनियर आहेस ना? सांग, कुठला जास्त अचूक?"

मी सॉफ्टवेअरमधली. माझा दिवस प्रोग्रॅमला किती मिलिसेकंद लागले हे मोजण्यात जातो, म्हणून हा प्रश्न मला आवडला. पण त्याचं उत्तर खोक्यावर छापलेल्या आकड्यांत सापडत नाही. दशांशचिन्हानंतर किती अंक दिसतात, हा टायमरबद्दलचा सगळ्यात सोपा प्रश्न आहे. अवघड प्रश्न असा की टायमर नेमका कधी सुरू झाला, नेमका कधी थांबला, आणि ते ठरवलं कोणी? गेल्या चारशे वर्षांत प्रयोगशाळेतल्या हुशार माणसांनी खरी झटापट केली ती याच प्रश्नाशी.

पाणी तोलून वेळ

सुरुवात गॅलिलिओपासून करू. पडणारी वस्तू कशी वेग घेते हे त्याला मोजायचं होतं आणि त्याच्याकडे सेकंदकाटा असलेलं घड्याळच नव्हतं. १६३८ साली छापलेल्या पुस्तकात त्याने आपली युक्ती सांगितली आहे. लांब लाकडी तुळईत सरळ खाच कोरायची, आतून गुळगुळीत चर्मपत्र लावायचं, तुळई एका बाजूने थोडी उचलायची आणि खाचेतून कांशाची गुळगुळीत गोळी सोडायची. वेळेसाठी पाण्याचं मोठं भांडं, त्याच्या तळाला बारीक नळी. गोळी सुटली की धार पेल्यात धरायची, गोळी पोचली की बंद करायची आणि जमलेलं पाणी नाजूक तराजूत तोलायचं. जितकं वजन, तितका वेळ.

हे वाचून विसाव्या शतकातल्या काही अभ्यासकांना वाटलं की एवढ्या ओबडधोबड साधनांनी इतकी नेमकी उत्तरं येणं शक्यच नाही, गॅलिलिओने प्रयोग फक्त कल्पनेत केला असणार. १९६१ साली थॉमस सेटल यांनी तसंच सामान जमवून प्रयोग पुन्हा केला आणि दाखवून दिलं की जमतं. वेळा सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास पकडता येतात.

मला यात पाण्यापेक्षा तुळई महत्त्वाची वाटते. सरळ खाली पडणारी गोळी त्याला पकडता आली नसती. म्हणून उत्तम घड्याळाची वाट बघत बसण्याऐवजी त्याने उतार देऊन घटनाच संथ केली. हातातल्या घड्याळाला झेपेल असा प्रयोग निवडायचा, ही टायमर निवडण्याची पहिली रीत.

क्योनिग्सबर्गमधले दोघे

किनब्रुक १८०२ साली वारला. आपली चूक नेमकी काय होती हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. ते उलगडायला सुरुवात झाली ती पुढे प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग शहरात. तिथल्या वेधशाळेचे प्रमुख फ्रीड्रिश बेसेल यांच्या वाचनात ही हकिकत आली आणि त्यांना शंका आली: दोष किनब्रुकमध्ये होता, की कुठल्याही दोन माणसांमध्ये असा फरक असतोच?

१८२० साली त्यांनी दुसऱ्या एका अनुभवी खगोलशास्त्रज्ञाबरोबर तेच तारे त्याच पद्धतीने बघितले. दोघांच्या वेळांमध्ये फरक आला जवळजवळ एक सेकंदाचा, किनब्रुकपेक्षाही जास्त. दोघंही कसलेले, दोघंही काळजीपूर्वक बघणारे. पाहिलेलं आणि ऐकलेलं यांची मनात सांगड घालायला प्रत्येकाला वेगवेगळा वेळ लागतो, हे त्यातून पुढे आलं. खगोलशास्त्रज्ञ आता एकमेकांमधला हा फरक मोजून हिशेबात धरू लागले. त्याला नाव पडलं वैयक्तिक समीकरण. जे एकाच्या नोकरीवर बेतलं होतं, ते आता पुस्तकात छापायची दुरुस्ती झालं.

त्याच शहरात १८४९ साली हेर्मान हेल्महोल्ट्झ प्राध्यापक म्हणून आले. मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो, हा त्यांचा प्रश्न. त्यांचे गुरू योहानेस म्युलर यांच्या मते हे मोजणं आवाक्याबाहेरचं होतं. हेल्महोल्ट्झनी बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याला जोडलेला मज्जातंतू घेतला. तंतूला विजेचा झटका बसतो त्याच क्षणी दुसऱ्या एका मंडलात प्रवाह सुरू होई, आणि स्नायू आकसला की त्या हालचालीनेच मंडल तुटे. तेवढ्या वेळात गॅल्व्हानोमीटरची सुई किती ढळली त्यावरून वेळ काढायची. इथे बटण दाबायला माणूसच नाही. झटक्याने टायमर सुरू केला आणि स्नायूने थांबवला.

पण त्यांची खरी करामत पुढे आहे. स्नायूला आकसायलाही वेळ लागतो, आणि तो मज्जातंतूच्या वेळेत मिसळतो. म्हणून त्यांनी झटका एकदा स्नायूच्या जवळ दिला आणि एकदा लांब. दोन्ही वेळांची वजाबाकी केली की स्नायूची दिरंगाई उडून जाते आणि फक्त मधल्या तंतूचा वेळ उरतो. १८५० साली उत्तर आलं: सेकंदाला साधारण २५ ते ४० मीटर. लोकांना जो संदेश क्षणार्धात पोचतो असं वाटत होतं, तो आगगाडीच्या वेगाने जात होता.

हजारावा भाग आणि हातोडा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला माथेउस हिप या घड्याळजीने असं यंत्र बनवलं की ज्याच्या तबकडीवर सेकंदाचा हजारावा भाग वाचता येई. आत एक पातळ पट्टी सेकंदाला हजार वेळा कंप पावत असे आणि चाकांची गती तिच्या तालावर बांधलेली असे. चाकं आधीपासून फिरत असत. विद्युतचुंबक काटे त्यांना जोडे आणि सोडवे. १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली, तिथे हे यंत्र म्हणजे घरातला कर्ता माणूस होता. दिवा दिसला की बोट उचलायला किती वेळ लागतो, आवाज ऐकला की किती, हे सगळं त्यावर मोजलं जाई. ज्या दिरंगाईपायी किनब्रुक घरी बसला, तीच आता अभ्यासाचा विषय झाली होती.

हजारावा भाग वाचता येत होता खरा, पण चुंबकाला काटे ओढायला वेळ लागे, सोडायला वेळ लागे, आणि हे दोन्ही वेळ प्रवाह किती आहे त्यावर बदलत. माणसाच्या बोटातली दिरंगाई काढली तर लोखंडात दुसरी निघाली. म्हणून यंत्राशेजारी एक हातोडा ठेवत. तो ठरलेल्या उंचीवरून पडे आणि पडताना दोन विजेच्या कळा दाबे. पडायला लागणारा वेळ आधीच माहीत असे. प्रयोगाआधी हातोडा पाडायचा, यंत्र काय दाखवतं ते बघायचं, फरक आला तर प्रवाह कमी-जास्त करायचा, आणि मगच माणसाला खुर्चीत बसवायचं.

कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांच्यापुढे वेगळीच अडचण होती. लाजाळूचं पान स्पर्शानंतर किती वेळाने हलतं, हे त्यांना टिपायचं होतं. पण पानाची ताकद इतकी कमी की काजळी धरलेल्या काचेवर लेखणी ओढायची तर घर्षणानेच ते थकायचं. त्यांनी लेखणीच ठरावीक गतीने थरथरती ठेवली, समजा सेकंदाला शंभर वेळा. ती काचेला सलग घासत नसे, नुसती टेकून उठत असे. त्यामुळे घर्षण जवळजवळ संपलं, आणि काचेवर रेषेऐवजी ठिपक्यांची माळ उमटली. दोन ठिपक्यांमध्ये बरोबर सेकंदाचा शंभरावा भाग. पान हलल्याची नोंद आणि वेळेची नोंद एकाच खुणेत आली, म्हणून त्या दोन्हींची सांगड घालायची वेळच आली नाही. १९१३ साली आलेल्या वनस्पतींवरच्या त्यांच्या पुस्तकात या यंत्राची माहिती आहे.

मोजणं डिजिटल झालं

डिजिटल टायमरचा अर्धा भाग अणूच्या अभ्यासातून आला. रदरफर्डच्या काळात किरणोत्सारी कण मोजायला माणसं अंधाऱ्या खोलीत बसत आणि पडद्यावरच्या बारीक ठिणग्या डोळ्यांनी मोजत. डोळे लवकर थकत. पुढे कण पकडायला विजेची उपकरणं आली, पण त्यांच्या स्पंदांच्या वेगाला यांत्रिक आकडेमापी पुरे पडेना. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत विन-विल्यम्स यांनी १९३२ मध्ये थायराट्रॉन नावाच्या, वायू भरलेल्या नळ्यांचं मंडल जोडलं, जे दर दोन स्पंदांमागे एकच पुढे पाठवी. अशी पाच मंडलं एकापुढे एक लावली की बत्तीस स्पंदांमागे एक स्पंद बाहेर येतो, आणि मग यांत्रिक आकडेमापीलाही दम मिळतो. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या सत्रात आपण जो बायनरी काउंटर शिकतो, तो हाच.

दुसरा अर्धा भाग म्हणजे क्वार्ट्झ. १९२७ मध्ये बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकाच्या कंपनांवर चालणारं घड्याळ बनवलं. स्फटिक कंप पावतो, काउंटर ती कंपनं मोजतो. मनगटी घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो. विन-विल्यम्सची कल्पना आज स्वस्तातल्या स्वस्त स्टॉपवॉचमध्ये धावते आहे.

या जोडीने मोजणी इतकी पक्की केली की मधल्या काळाची चिंता जवळजवळ मिटली. पण काउंटरचं दार कधी उघडायचं आणि कधी लावायचं, हे त्याला बाहेरूनच कळतं. शिवाय आणखी एक गोष्ट आली: टायमर जे दाखवतो ते सगळं खरंच, असं वाटू लागलं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मेडली पोहण्यात गुन्नार लार्सन आणि टिम मॅकी यांच्या वेळा शंभराव्या भागापर्यंत सारख्या होत्या. हजारावा भाग काढला आणि लार्सन ०.००२ सेकंदाने जिंकला. तेवढ्या वेळात जलतरणपटू जेमतेम ३ मिलिमीटर पुढे जातो. दोन पट्टे एकमेकांशी ३ मिलिमीटरपर्यंत जुळतील असा तलाव कोण बांधणार? पुढे पोहण्यातला निकाल शंभराव्या भागावर थांबवला गेला, आणि बरोबरी झाली तर दोघांनाही तेच पदक. टायमर मोजू शकत होता, तरी तो अंक सोडून देणं शहाणपणाचं ठरलं.

सैल राहिलेला एक स्क्रू

सप्टेंबर २०११ मध्ये इटलीतल्या ओपेरा प्रयोगाच्या गटाने जाहीर केलं की सर्नहून निघालेले न्यूट्रिनो सुमारे ७३० किलोमीटरवरच्या ग्रान सास्सोच्या भूमिगत प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचताहेत. एवढं अंतर कापायला प्रकाशाला सुमारे २.४ मिलिसेकंद लागतात. आईनस्टाईन चुकला का, या प्रश्नाने वर्तमानपत्रं भरून गेली. त्या गटाने मात्र उत्सव न करता सगळ्या जगाला सांगितलं होतं: आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा.

चूक २०१२ च्या सुरुवातीला त्यांनाच सापडली. जीपीएसची वेळ मुख्य घड्याळापर्यंत आणणाऱ्या ऑप्टिकल फायबरचा एक कनेक्टर पूर्ण आवळलेला नव्हता. प्रकाश पोचत होता, पण कमी. त्यामुळे पलीकडचं मंडल जागं व्हायला थोडा जास्त वेळ घेत होतं, घड्याळ मागे राहत होतं आणि न्यूट्रिनो लवकर आल्यासारखे दिसत होते. फरक ७३ नॅनोसेकंदांच्या आसपास. घड्याळाच्या स्फटिकातही छोटी चूक निघाली, तिचा परिणाम उलट दिशेने होता.

ही गडबड कधीपासून होती, हे कळायला एक सुंदर मार्ग मिळाला. शेजारीच एलव्हीडी नावाचा दुसरा प्रयोग चालू होता. डोंगरातून आडवे येणारे काही म्युऑन कण दोन्ही यंत्रांतून जात. दोन्हींच्या जुन्या नोंदी जुळवल्यावर ओपेराचं घड्याळ कुठल्या काळात सरकलं होतं ते दिसलं. निसर्गाकडून आयता मिळालेला हा लाइपझिगचा हातोडाच. मार्च २०१२ मध्ये त्याच प्रयोगशाळेतल्या इकारस गटाने न्यूट्रिनोंचा वेग स्वतंत्रपणे मोजला, आणि तो प्रकाशाच्या वेगाशी जुळणारा निघाला. त्याच महिन्यात ओपेराचे दोन प्रमुख पदावरून बाजूला झाले. घड्याळ नॅनोसेकंदावर गेलं, तरी त्याच्यापायी पद सोडणारी माणसं होतीच.

मग मावशीने काय घ्यावं?

एक मीटर उंचीवरून गोळी सोडली तर ती ०.४५ सेकंदात जमिनीवर येते. हातातल्या स्टॉपवॉचने हे मोजताना बोटाची चूक ०.१ सेकंद धरू. वेळ ०.५५ वाचली तर गुरुत्वत्वरण ६.६ येतं, ०.३५ वाचली तर १६.३. यातून निष्कर्ष काढण्यापेक्षा चिठ्ठ्या टाकलेल्या बऱ्या. आता तेच स्टॉपवॉच, तेच बोट, पण एक मीटरचा लंबक आणि २० दोलनं. वेळ साधारण ४० सेकंद, चूक तीच ०.१. उत्तरातली चूक अर्धा टक्का. गॅलिलिओची तुळई ती हीच. लंबकासाठी साधं स्टॉपवॉच पुरतं. सेकंदाच्या हजाराव्या भागाने तिथे काहीही वाढत नाही.

मुक्त पतनासाठी प्रकाशाच्या झोताचा टायमर हवा. पण गोळी विद्युतचुंबकाने धरून सोडायची सोय असेल तर हिपची अडचण समोर येतेच: प्रवाह बंद केला तरी चुंबक गोळी लगेच सोडत नाही.

आणि फोन? स्क्रीनला बोट लावल्यापासून अ‍ॅपला कळेपर्यंत मधे बरेच थर असतात. आम्ही कोड लिहिताना दोन घड्याळं वेगळी ठेवतो: एक आत्ता किती वाजले ते सांगणारं, जे नेटवर्कवरून वेळ जुळवताना पुढे-मागे उडी मारू शकतं, आणि दुसरं फक्त पुढेच जाणारं. किती वेळ लागला हे मोजायला दुसरंच घ्यायचं. अ‍ॅप बनवणाऱ्याने कुठलं घेतलं ते बाहेरून दिसत नाही. त्यापेक्षा फोनचा कॅमेरा चांगला. सेकंदाला २४० फ्रेम घेणाऱ्या स्लो मोशनमध्ये दोन फ्रेममधलं अंतर ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त असतं, आणि बोटाचा संबंधच राहत नाही. फक्त आधी चालू स्टॉपवॉचचा व्हिडिओ घेऊन फ्रेम खरंच तेवढ्या आहेत का ते मोजून घ्यायचं.

मावशीला मी हेच लिहून पाठवलं: साधी स्टॉपवॉच जास्त घे, झोताचा टायमर एकच घे आणि तो बाहेरून सुरू करायची सोय आहे का ते विचारून घे.

त्या एका टायमरवर मुलांना करण्यासारखा प्रयोग असा. एकाच उंचीवरून दहा रीडिंग घेण्याऐवजी सहा वेगवेगळ्या उंचींवरून घ्यायची. आडव्या अक्षावर उंचीचं वर्गमूळ, उभ्या अक्षावर वेळ, असा आलेख काढायचा. रेषेच्या चढावरून गुरुत्वत्वरण मिळतं, आणि चुंबकाची दिरंगाई त्यात येतच नाही, जशी हेल्महोल्ट्झच्या वजाबाकीत स्नायूची आली नव्हती. चुंबक गोळी उशिरा सोडत असेल तर रेषा शून्यातून जाणार नाही. उभा अक्ष ती थोडी वर कापेल. तो आकडा मिलिसेकंदांत काढून टायमरच्या खोक्यावर तारखेसकट लिहून ठेवावा. पुढच्या वर्षीच्या बॅचला तो पुन्हा तपासता येईल.